संकेतस्थळाचा प्लॅटफॉर्म निवडताना: चवथीच्या आठवड्यात पॅच कोण लावणार?

फोंड्यातील पतसंस्था असो, कळंगुटचे हॉटेल असो किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो, नवे संकेतस्थळ करायचे ठरले की बैठकीत एकच प्रश्न पुढे येतो. वर्डप्रेस घ्यावे, ड्रुपल घ्यावे, लाराव्हेल किंवा जँगोमध्ये लिहून घ्यावे, की विक्ससारख्या तयार सेवेवर महिन्याचे पैसे भरून मोकळे व्हावे. आणि यांतले सर्वांत सुरक्षित कोणते? प्रश्न रास्त आहे, पण या रूपात विचारला तर त्याला उत्तर नाही. गोव्यातील लहान-मध्यम संस्थांची अशी कामे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, प्लॅटफॉर्म कुणी लिहिला यापेक्षा तो आपल्या कार्यालयात कोण आणि किती नियमाने सांभाळणार यावर त्याची सुरक्षितता अधिक ठरते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आपल्याकडे माणसे मूळ घरी जातात, कार्यालयाला कुलूप लागते आणि व्हेंडरचा फोनही कुणी उचलत नाही. त्याच दिवसांत एखादी गंभीर त्रुटी जाहीर झाली, तर पॅच (ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) कोण लावणार, याचे उत्तर ज्या पर्यायात मिळते तो पर्याय आपल्या संस्थेसाठी सुरक्षित. हे उत्तर कसे शोधावे, ते पुढे सांगितले आहे.

आधी माहितीची यादी करावी

व्हेंडरकडून दरपत्रके मागवण्यापूर्वी एका कागदावर एवढेच लिहावे की, या संकेतस्थळातून कोणती माहिती आत येणार, ती कुठे साठणार आणि ती कुणाला दिसणार. हे काम संगणक विभागाने एकट्याने करू नये, कारण खरी माहिती काउंटरवरच्या माणसाला असते. हॉटेलचे उदाहरण घेऊ. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. सी फॉर्म या नावाने ती आपल्याकडे सर्व हॉटेलवाल्यांना ठाऊक आहे. त्या निमित्ताने स्वागतकक्षात पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेतल्या जातात. पाहुण्यांची सोय म्हणून या प्रती आरक्षणाच्या वेळीच संकेतस्थळावर अपलोड करून घ्याव्यात अशी कल्पना कुणीतरी मांडते, आणि साध्या माहितीपत्रकासारखे असणारे संकेतस्थळ एका दुपारच्या चर्चेत शेकडो पासपोर्टांचे कपाट होऊन बसते. देवस्थानाच्या भक्तनिवासाचे आरक्षण, पतसंस्थेच्या सभासदांचे पॅन आणि कारखान्याकडे येणारे नोकरीचे अर्ज यांचीही तीच गत असते.

यादी पूर्ण झाल्यावर तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे विचारावे की, ही माहिती संकेतस्थळावर आलीच पाहिजे का. बऱ्याच ओळी इथेच खोडल्या जातात. कार्डाचा क्रमांक आपल्या पानावर घेण्याचे तर कारणच उरलेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचे तपशील साठवून ठेवता येत नाहीत. पैसे भरण्यासाठी ग्राहकाला पेमेंट गेटवेच्या पानावर पाठवावे आणि आपल्याकडे केवळ व्यवहाराचा क्रमांक ठेवावा.

यादीत शेवटी फक्त पत्ता, छायाचित्रे, सूचना आणि वार्षिक अहवाल एवढेच उरले, तर पुढचा बराचसा विचार करण्याची गरज नाही. अशा संस्थेने ह्युगोसारख्या साधनाने स्थिर पानांचे संकेतस्थळ करून घ्यावे. त्यात डेटाबेस नसतो, प्रशासकाचे लॉगिन पान नसते आणि सर्व्हरवर चालणारा कोडही जवळपास नसतो, त्यामुळे बाहेरून हात घालायला फारशी जागाच राहत नाही. व्हेंडर हा पर्याय आपणहून क्वचित सुचवतात, कारण त्यात त्यांना पुढे विकण्यासारखे थोडेच असते.

पर्याय चार, जबाबदाऱ्या वेगवेगळ्या

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय यांसारख्या तयार सेवांमध्ये सर्व्हर, त्यावरचे सॉफ्टवेअर आणि त्याचे पॅच या सगळ्याची काळजी कंपनी घेते. आपल्याकडे उरतात ती फक्त खाती आणि पासवर्ड. ज्या कार्यालयात संगणकाचा पूर्णवेळ माणूस नाही, तिथे हा पर्याय अनेकदा सर्वांत सुरक्षित ठरतो. तंत्रज्ञ मंडळी त्याकडे नाक मुरडतात, पण ते मनावर घेऊ नये. मात्र करारापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. लॉग (संकेतस्थळावर कुणी, कधी, काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) आपल्याला मिळतात का, आणि सेवा सोडायची झाल्यास मजकूर व डेटा कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतो. विक्सवरचे संकेतस्थळ उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही, ते नव्याने उभारावे लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.

वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला हा दुसरा गट, म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर सांभाळणारी तयार सॉफ्टवेअरे, ज्यांना सीएमएस म्हणतात. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात, म्हणून हल्ले करणारी स्वयंचलित साधनेही मुख्यतः त्याच्यासाठी लिहिली जातात. तरीही वर्डप्रेसचा मूळ कोड चांगला राखलेला आहे, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट त्यात आपोआप लागतात. दुखणे असते ते प्लगइनांत (जादा सोयींसाठी वरून जोडलेल्या भागांत) आणि थीममध्ये (पानांच्या सजावटीत). व्हेंडरने सुचवलेल्या प्रत्येक प्लगइनचे पान उघडून शेवटचा अपडेट कधी झाला ते पाहावे. अलीकडच्या तीन प्रमुख आवृत्त्यांबरोबर त्याची चाचणी झाली नसेल, तर तशी सूचना त्या पानावरच दिसते. ड्रुपलमध्ये ज्या मोड्यूलांना (तिथल्या प्लगइनांना) सुरक्षा पथकाच्या सूचनांचे संरक्षण असते, त्यांच्यापुढे ढालीचे चिन्ह असते. ढाल नसलेले मोड्यूल घेऊ नये. विकत घ्यायच्या प्लगइनची ‘मोफत’ प्रत कुणी पेनड्राइव्हवर आणून दिली, तर ती बसवू नये. तिच्यात चोरदरवाजा ठेवलेला असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

जँगो, लाराव्हेल, स्प्रिंग किंवा एएसपी डॉट नेट यांवर लिहून घेतलेले संकेतस्थळ हा तिसरा गट. या फ्रेमवर्कांमध्ये, म्हणजे संकेतस्थळ लिहिण्यासाठीच्या तयार सांगाड्यांमध्ये, बनावट फॉर्मपासून संरक्षण, पानावर मजकूर दाखवताना त्यातला धोकादायक कोड निष्प्रभ करणे, डेटाबेसला सुरक्षित रीतीने प्रश्न विचारणे आणि पासवर्ड मूळ रूपात न ठेवता हॅश करून ठेवणे या सोयी तयार मिळतात. चुका होतात त्या बहुधा बसवताना. जँगोतील डीबग (चुका शोधण्याची) सुविधा चालू राहिली, तर एखादी साधी त्रुटी आली तरी पानावर सर्व्हरच्या आतली मांडणी उघडी पडते. लाराव्हेलमध्ये डॉट ईएनव्ही ही फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये राहिली, तर डेटाबेसचा पासवर्ड कुणालाही वाचता येतो. म्हणून या गटात फ्रेमवर्कपेक्षा ते बसवणाऱ्या माणसाची पारख महत्त्वाची.

चौथा गट म्हणजे व्हेंडरने ‘आमचे स्वतःचे’ म्हणून दिलेले सीएमएस. दोघा-तिघांनी काही वर्षांपूर्वी लिहिलेले, बाहेरच्या कुणीही न तपासलेले, त्रुटींची जाहीर नोंद नसलेले. ‘आमच्या प्रणालीत आजवर एकही त्रुटी सापडलेली नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. ती शोधायला कुणी गेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. हा पर्याय टाळावा, असे मी स्पष्टच सुचवतो.

पूर्वेतिहास कसा वाचावा

एखाद्या प्लॅटफॉर्मच्या नावावर त्रुटींच्या शेकडो नोंदी दिसल्या म्हणून तो वाईट ठरत नाही. पुष्कळ लोक तपासतात तिथे पुष्कळ त्रुटी सापडतात. पाहायचे ते हे की, त्रुटी कळवण्यासाठी ठरलेली वाट आहे का, सुरक्षा पथक आहे का, आणि त्रुटी सापडल्यावर पॅच किती लवकर निघतो. त्यानंतरचा प्रश्न आपल्याकडे येतो: निघालेला पॅच आपल्या सर्व्हरवर लागायला किती वेळ लागतो?

यासाठी ड्रुपलची ऑक्टोबर २०१४ मधील हकिकत प्रत्येक संचालक मंडळाला ऐकवावी अशी आहे. ड्रुपल ७ मध्ये डेटाबेसवर थेट ताबा मिळवून देणारी त्रुटी १५ ऑक्टोबरला पॅचसह जाहीर झाली. ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने दोन आठवड्यांनी जे निवेदन काढले, त्यात म्हटले होते की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी पॅच लावला नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ हल्लेखोराच्या हाती गेले असे धरूनच चालावे. हे सात तास आपल्या घड्याळात मांडले, तर ते रात्री साडेनऊला सुरू होऊन पहाटे साडेचारला संपतात. पणजीतील कोणते कार्यालय त्या वेळात जागे असते? ड्रुपलने यात काही लपवले नव्हते, पॅचही दिला होता. पण सात तासांची मुदत ज्याला पेलत नाही त्याने स्वयंचलित अपडेटची, किंवा पॅच लागेपर्यंत मधल्या मधे हल्ले अडवणाऱ्या वेब फायरवॉलची व्यवस्था आधीच करून ठेवली पाहिजे.

डिसेंबर २०२१ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील लॉग४जे या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा १० ते २८ तारखेदरम्यान एकामागून एक सुधारित आवृत्त्या येत राहिल्या, २.१५ लावली तोवर २.१६, मग २.१७, आणि त्यावर आणखी एक. नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीत, गोव्यातील हॉटेलांत श्वास घ्यायला फुरसत नसण्याचे नेमके हेच दिवस. याच्या उलट, अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीचे २०१७ मधील प्रकरण घाईचे नव्हते. कंपनी वापरत असलेल्या अपाचे स्ट्रट्स या फ्रेमवर्कचा पॅच मार्चमध्ये उपलब्ध झाला होता आणि चोरी मे महिन्यात सुरू झाली. मधले दोन महिने पॅच तसाच पडून राहिला आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

याच्याच जोडीला प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य पाहावे. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आले आणि त्याचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. पीएचपी ७.४ ला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षेचे पॅच मिळत नाहीत, तरीही स्वस्त होस्टिंगवर ते आजही चालू असलेले आढळते. जँगोच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना साधारण तीन वर्षे पॅच मिळतात, लाराव्हेलच्या आवृत्तीला दोन. संकेतस्थळ पाच वर्षे चालवायचे असेल, तर त्या काळात मोठी श्रेणीसुधारणा एकदा तरी होणार आणि तिला पैसे लागणार, हे पहिल्याच अंदाजपत्रकात दाखवावे. ही रक्कम ज्या दरपत्रकात नाही ते स्वस्त दिसते, एवढेच.

किल्ल्या कुणाकडे

या विषयावर बैठकांत सर्वांत कमी वेळ खर्च होतो आणि नुकसान मात्र इथेच अधिक होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी ज्या एका संस्थेचे काम पाहत होतो, तिचे डोमेन (संकेतस्थळाचा नोंदणीकृत पत्ता) व्हेंडरने स्वतःच्या खासगी ईमेलवरून नोंदवले होते. तो गृहस्थ काही वर्षांनी नोकरीसाठी आखातात गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि एका सकाळी संस्थेचे संकेतस्थळ व ईमेल दोन्ही बंद पडले. डोमेन परत मिळवायला आम्हांला कित्येक आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि कुणाचे लक्षही नव्हते.

म्हणून डोमेन, होस्टिंग आणि प्रशासक अशी तिन्ही खाती संस्थेच्या नावाने आणि पदाच्या ईमेलवर असावीत, व्यक्तीच्या नव्हे. व्हेंडरला आपल्या खात्यात स्वतंत्र प्रवेश द्यावा, जेणेकरून काम संपल्यावर तो काढून घेता येईल. प्लॅटफॉर्म निवडताना त्यात द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणे) आणि भूमिकांची विभागणी आहे का, ते स्वतः पाहावे. सूचना टंकित करणाऱ्या कर्मचाऱ्याला संपादकाची भूमिका पुरते. त्याला प्लगइन बसवण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला, सर्वांनी मिळून वापरायचा एकच पासवर्ड हे आपल्याकडचे परिचित दृश्य आहे. ज्या प्लॅटफॉर्मवर प्रत्येकाला वेगळे खाते देताना जादा पैसे पडतात, तिथे हे दृश्य हमखास दिसू लागते, म्हणून खात्यांचा दरही विचारून ठेवावा.

किल्ल्यांचा आणखी एक प्रकार सहसा ध्यानात येत नाही. आपल्या पानावर दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारी प्रत्येक स्क्रिप्ट (छोटा कोड), मग ती चॅटची असो, नकाशाची असो की भेट देणाऱ्यांच्या मोजणीची, ही आपल्या घराची दुसऱ्याला दिलेली किल्ली असते. पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनचा मालक बदलल्यानंतर जून २०२४ मध्ये तिथून येणाऱ्या स्क्रिप्टमधून घातक कोड पसरला, आणि एक लाखाहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर अवलंबून होती. व्हेंडरकडून अशा बाहेरच्या स्क्रिप्टांची यादी लेखी घ्यावी आणि अनावश्यक त्या काढायला लावाव्यात. मराठी-कोकणी मजकुरासाठी कसलेतरी अनोळखी फॉन्ट परिवर्तक प्लगइन बसवण्याची प्रथा अजून टिकून आहे. युनिकोडमध्ये टंकन करून ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा खुला फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवला की त्या प्लगइनची गरज उरत नाही.

कायदा आणि करार

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. स्वस्त सामायिक होस्टिंगवर लॉग अनेकदा काही दिवसांतच पुसले जातात, त्यामुळे ‘लॉग किती दिवस राहतात आणि ते आम्हांला उतरवून घेता येतात का’ हा प्रश्न निवडीच्या वेळीच विचारावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती व्हेंडरच्या सर्व्हरवर होती, ही सबब त्या कायद्यापुढे टिकत नाही. जबाबदारी ज्या संस्थेने माहिती गोळा केली तिच्याकडेच राहते.

करारात पॅच लावण्याची मुदत तासांत लिहावी, ‘तातडीने’ असे लिहू नये. व्हेंडरच्या बाजूने घटना घडल्यास त्याने आपल्याला किती वेळात कळवावे, तेही लिहावे. सहा तासांतले पाच त्यानेच घेतले, तर आपल्या हाती काही उरत नाही. पूर्ण कोड आणि डेटाबेस संस्थेच्या मालकीचा राहील, हे वाक्य मात्र विसरू नये.

सही करण्यापूर्वीची परीक्षा

दरपत्रकांतून दोन नावे उरली की त्या दोघांना बोलावून आपल्या डोळ्यांसमोर तीन कामे करायला सांगावीत. चाचणीच्या प्रतीवर एक अपडेट लावून दाखवावा, आणि तो बिघडल्यास मागे कसे जायचे तेही दाखवावे. मग ती प्रत पूर्ण पुसून बॅकअपवरून पुन्हा उभी करावी, आणि शेवटी एका कर्मचाऱ्याचे खाते बंद करून त्याचे चालू लॉगिनही तुटते का ते तपासावे. या परीक्षेत दुसरे काम करताना भलेभले अडखळतात. बॅकअप ‘रोज आपोआप होतो’ असे सांगणाऱ्यांनी तो उलट लावून कधी पाहिलेलाच नसतो, किंवा तो त्याच होस्टिंग खात्यात पडलेला असतो, म्हणजे खाते गेले की तोही गेला. पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या कार्यालयातील एकुलती हार्डडिस्क हीदेखील बॅकअपची जागा नव्हे. एक प्रत वेगळ्या कंपनीच्या साठवणीत आणि एक नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर असावी.

यादीत सभासदांची किंवा पाहुण्यांची वैयक्तिक माहिती असेल, तर संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी सर्ट-इनच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी. तपासणी ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीनुसार व्हावी, असे कार्यादेशातच लिहावे. २०२१ च्या त्या यादीत पहिल्या क्रमांकावर प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी आहेत, म्हणजे एका सभासदाला पानाच्या वेब पत्त्यातील क्रमांक बदलून दुसऱ्याचे खातेपत्रक दिसणे यासारख्या. ही एक चाचणी आपल्या कारकुनालाही दोन खाती उघडून करता येते.

तपासणीच्या आणि मोठ्या श्रेणीसुधारणेच्या तारखा हॉटेलांनी जून ते ऑगस्टमध्ये ठेवाव्यात, कारण ऑक्टोबरनंतर आरक्षणाचे पान दोन तासही बंद ठेवायला कुणी तयार होत नाही. पतसंस्थांनी मार्चअखेर टाळावी. मग वर्षाचे कॅलेंडर समोर घेऊन चवथ, दिवाळी, नाताळ आणि कार्निव्हल या आठवड्यांपुढे आपल्याकडचा एक आणि व्हेंडरकडचा एक अशी दोन नावे व दूरध्वनी क्रमांक लिहावेत. व्हेंडरला चवथीपुढे नाव लिहिता येत नसेल, तर दुसऱ्या दरपत्रकाकडे वळावे. आणि आपल्यालाच ते लिहिता येत नसेल, तर तयार सेवेचा पर्याय पुन्हा उघडून पाहावा.